रंग कोणाचा, खर्च कोणाचा?

वाचकाचं पत्र : मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करते. आमचं घर पहाडगंजात आहे. या सत्रात एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' अभ्यासाला आहे. गाइडमध्ये रंगांचा तक्ता दिला आहे. हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे निष्पापपणा, पिवळा म्हणजे भ्रष्टता, राखाडी म्हणजे निराशा. लेखक खरंच असा तक्ता समोर ठेवून लिहितो का? आणि 'देव.डी' हा सिनेमा आमच्याच पहाडगंजात घडतो. त्यातल्या लाल-निळ्या दिव्यांनाही असेच अर्थ लावायचे का? आणखीही काही प्रश्न सोबत लिहिले आहेत.
— एक विद्यार्थिनी, पहाडगंज, नवी दिल्ली

पत्र मोठं आहे आणि प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून एकेक घेऊ.

प्रश्न : लेखक रंगांचा तक्ता ठरवून लिहितो का?

नाही. आणि त्याचा पुरावा 'गॅट्सबी'तच आहे. कादंबरीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे गॅट्सबीची मोटार. निक हा निवेदक ती पहिल्यांदा दाखवतो तेव्हा ती दाट सायीच्या रंगाची असते. पुढे याच मोटारीखाली गॅरेजवाल्याची बायको मर्टल विल्सन मरते. शेजारचा हॉटेलवाला मिखाएलिस पहिल्या पोलिसाला सांगतो की मोटार फिकट हिरवी होती. थोड्या वेळाने दुसरा साक्षीदार येतो आणि ती पिवळी होती असं सांगतो. पुढे पिवळी हाच शब्द टिकतो आणि त्याच शब्दाच्या मागावर मर्टलचा नवरा गॅट्सबीपर्यंत पोहोचतो.

एकाच मोटारीचे तीन रंग झाले. तक्ता वापरायचा तर मर्टलला साय मारते, आशा मारते की भ्रष्टता? फिट्झजेराल्डला इथे वेगळंच दाखवायचं आहे. मोटारीत बसायला बोलावलेल्या पाहुण्याला ती सायीसारखी दिसते. रस्त्यावर राहणाऱ्यांना ती अंधारातून भरधाव येते आणि निघून जाते, रंग नीट पाहायलाही थांबत नाही. रंग बघणाऱ्याच्या जागेवर ठरतो, आणि श्रीमंतीच्या कादंबरीत ती जागा पैशाने ठरते.

आपल्या घरातलं उदाहरण याहून स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेने तांबडं आलवण नेसायचं अशी रीत होती. बंगालमध्ये त्याच स्थितीतल्या बाईला पांढरं वस्त्र नेसायला लावत. दुःख एकच, जाच एकच, रंग मात्र वेगळे. आणि आपल्याकडे सवाष्णीचं कुंकूही तांबडंच. म्हणजे एकाच तांबड्यात सौभाग्यही आलं आणि वैधव्यही. या रंगांतला अर्थ तो रंग बाईच्या अंगावर घालणाऱ्या माणसांनी भरलेला होता.

तेव्हा 'हा रंग म्हणजे काय' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा : हा रंग कोणाला परवडतो? तो स्वच्छ कोण ठेवतं? तो स्वतः निवडलेला आहे की लादलेला? आणि तो कुठून पाहिला जातो आहे?

प्रश्न : मग डेझीचा पांढरा रंग काय सांगतो? ती निष्पाप नाही, हे तर शेवटी कळतंच.

गॅट्सबी जिच्यावर प्रेम करतो ती डेझी आणि तिची मैत्रीण जॉर्डन पहिल्या भेटीत पांढऱ्या पोशाखात दिसतात. लुईव्हिलमधल्या तरुणपणीही डेझी पांढरे कपडे घालायची आणि तिची छोटी मोटारही पांढरी होती. खाडीपलीकडच्या ईस्ट एगमधले वाडेही पांढरे आहेत. तक्ता म्हणतो निष्पापपणा, म्हणून शेवटी डेझीचं वागणं पाहून वाचक गोंधळतो. धुलाईचा विचार केला की गोंधळ उरत नाही. ज्या काळात घराघरांत कोळसा जळतो आणि धुळीच्या रस्त्यांवरून मोटारी धावतात, त्या काळात दिवसभर पांढरं राहायचं तर कपडे धुणारी, इस्त्री करणारी, पायऱ्या घासणारी माणसं हाताशी लागतात. पांढरा रंग डेझीच्या मनाबद्दल फारसं सांगत नाही. तिच्या मागे किती हात राबतात ते तो सांगतो.

ते हात फिट्झजेराल्ड दाखवतो. गॅट्सबीकडे दर शुक्रवारी संत्री आणि लिंबांच्या पेट्या येतात आणि सोमवारी पिळून झालेल्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. दर सोमवारी एका जादा माळ्यासह आठ नोकर घासपूस करतात, मोडलेलं दुरुस्त करतात. कादंबरीच्या अखेरीस डेझी आणि तिचा नवरा टॉम यांच्याबद्दल निक जो निष्कर्ष काढतो तोही हाच आहे. ते मोडतोड करून आपल्या पैशाच्या आड जातात आणि सफाई इतरांवर सोडतात. शेवटच्या रात्री गॅट्सबीच्या रिकाम्या घराच्या पांढऱ्या पायरीवर कुणा पोराने विटेच्या तुकड्याने शिवी खरडलेली असते. निक ती बुटाने घासून पुसतो. पांढऱ्या रंगाची ही कादंबरीतली शेवटची धुलाई, आणि ती पगारावाचून झालेली आहे.

याच कादंबरीत पांढरा रंग एका गरिबाच्या अंगावरही आहे. मर्टलच्या नवऱ्याच्या, जॉर्ज विल्सनच्या, गडद सुटावर आणि केसांवर राखेचा पांढुरका थर असतो. त्याचं गॅरेज राखेच्या ढिगाऱ्यांच्या मुलखात आहे. हा मुलूख लेखकाने कल्पनेतून रचलेला नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना इथे शहरातल्या चुलींची आणि भट्ट्यांची राख आणून टाकत असत. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते ढिगारे हलवले गेले आणि आज तिथे फ्लशिंग मेडोज उद्यान आहे. अमेरिकन ओपन टेनिसचे सामने तिथेच होतात. शहराची घरं उबदार राहावीत म्हणून जळलेल्या कोळशाची राख विल्सनच्या दारात येऊन पडते. डेझीचा पांढरा आणि विल्सनचा पांढरा यांच्यामध्ये हा व्यवहार आहे. 'राखाडी म्हणजे निराशा' असं लिहिलं की तो दिसेनासा होतो.

प्रश्न : गॅट्सबीचा गुलाबी सूट आणि हिरवा दिवा?

गुलाबी सुटापाशी टॉमचा डाव उघडा पडतो. गॅट्सबी ऑक्सफर्डला शिकला, हे टॉमला खोटं ठरवायचं असतं आणि त्यासाठी त्याला एवढंच पुरेसं वाटतं की हा माणूस गुलाबी सूट घालतो. गॅट्सबीच्या मोटारीलाही तो सर्कशीतली गाडी म्हणतो. टॉमचा पैसा पिढीजात आहे. त्याला कुणाला हाक मारायची गरज पडत नाही. गॅट्सबीचा पैसा नवा आहे, त्याला हाक मारावीच लागते. म्हणून डेझीला भेटताना तो पांढरा सूट, रुपेरी शर्ट आणि सोनेरी टाय घालतो, रंगीत शर्टांचा ढीग तिच्यासमोर उधळतो, रात्री बागेत दिव्यांचा झगमगाट करतो. नवा पैसा रंग जितके वाढवतो तितका जुन्या पैशाच्या डोळ्यांत ओळखू येतो.

हा नियम तुम्ही रोज पाहता. पहाडगंजच्या मेन बाजारातून निघून चालत कॅनॉट प्लेसला जा. रॉबर्ट टोर रसेल यांच्या आराखड्याप्रमाणे १९२९ ते १९३३ या काळात उभ्या राहिलेल्या त्या वर्तुळात पांढऱ्या खांबांच्या ओळी आहेत. पहाडगंजात मात्र प्रत्येक लॉजची पाटी दुसऱ्या पाटीपेक्षा मोठ्याने बोलते, कारण नवी दिल्ली स्टेशनातून रात्री अडीचला उतरलेल्या माणसाने शेजारच्या दारात न शिरता आपल्या दारात शिरावं असं प्रत्येकाला वाटतं. पांढऱ्या खांबांना गिऱ्हाइकाने ओळखलेलंच असतं. रंगीत पाट्यांना दर रात्री नव्याने ओळख करून द्यावी लागते. कॅनॉट प्लेस सभ्य आणि पहाडगंज भडक, असं म्हणणाऱ्यांनी टॉमच्याच डोळ्यांनी दोन्हींकडे पाहिलेलं असतं.

हिरवा दिवा डेझीच्या घरासमोरच्या धक्क्याच्या टोकाला आहे. खाडीपलीकडून तो गॅट्सबीला दिसतो. आशा वगैरे सगळं त्यात आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण पाचव्या प्रकरणातली जागा पुन्हा वाचा. डेझी शेजारी उभी राहिली आणि त्याच क्षणी तो दिवा धक्क्यावरचा साधा दिवा झाला. गॅट्सबीच्या जादूच्या वस्तूंतली एक कमी झाली, असं निक नोंदवतो. लांबून पाहणाऱ्यासाठीच तो हिरवा होता. डेझीने आपल्याच धक्क्यावरच्या दिव्याकडे असं रात्र-रात्र पाहिल्याचं कादंबरीत कुठेही येत नाही. ज्याच्या मालकीचा दिवा त्याला त्याचा रंग दिसत नाही.

प्रश्न : गॅट्सबीच्या शर्टांवरची अक्षरं 'इंडियन' निळ्या रंगात आहेत. त्याचा आपल्याशी काही संबंध आहे का?

या प्रश्नाबद्दल तुमचे खास आभार. शर्टांच्या त्या प्रसंगात बहुतेक वाचक डेझीच्या रडण्याकडे पाहतात आणि या निळ्यावरून पुढे जातात.

नीळ हे हिंदुस्थानातलं पीक. त्या झाडाच्या पाल्यापासून काढलेला रंग शतकानुशतकं जगभर जात होता. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि बिहारमध्ये निळीचे मळेवाले गोरे साहेब कुळांना सक्तीने नीळ लावायला भाग पाडत. १८५९-६० मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी बंड केलं आणि १८६० मध्ये दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' हे नाटक आलं. चंपारणमध्ये तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठे जमिनीमागे तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे, असा तो नियम. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने रासायनिक नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचे भाव कोसळले. मळेवाल्यांनी तो तोटा कुळांवर ढकलला. निळीतून सुटका हवी असेल तर वाढीव खंड द्या, असं त्यांना सांगितलं गेलं. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारणला गेले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली.

गॅट्सबीच्या शर्टावरची नीळ कारखान्यातली की मळ्यातली, हे कादंबरी सांगत नाही. ते महत्त्वाचंही नाही. महत्त्वाचं हे की एका माणसाच्या कपाटातला रंग दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून, भट्टीतून, पाठीतून येतो. त्या शर्टांकडे पाहून डेझीला रडू येतं ते त्यांच्या सौंदर्याने. चंपारणच्या कुळाला त्याच निळ्याने रडवलं होतं ते खंडाच्या रकमेने. ही दोन्ही रडणी एका वाक्यात ठेवून पाहिली की रंग आणि वर्ग यांचा संबंध समजायला गाइड लागत नाही.

प्रश्न : आता 'देव.डी'. त्या लाल-निळ्या दिव्यांचा अर्थ काय?

त्यासाठी आधी मूळ कादंबरी. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'देवदास' १९१७ मध्ये, म्हणजे चंपारणच्याच वर्षी, पुस्तकरूपाने आली. आपल्याकडे शरच्चंद्र घराघरांत पोहोचले ते मुख्यतः मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे. 'देवदास' ही प्रेमभंगाची गोष्ट म्हणून लक्षात राहते. पण लग्न मोडतं ते पैशावर आणि कुळावर. देवदास हा मुखर्जी या जमीनदार घराण्यातला मुलगा. पार्वतीचं घर शेजारचंच, पण मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणून हलकं मानलेलं. मुखर्जींनी नकार दिल्यावर पार्वतीचे वडील चिडतात आणि तिच्यासाठी त्यांच्याहून मोठा जमीनदार शोधतात, मग तो विधुर आणि मुलांचा बाप असला तरी चालतो.

शरच्चंद्रांच्या या कादंबरीत रंगांची खास मांडणी नाही. तिथे वर्ग दिसतो तो दागिन्यांतून. पार्वती सासरी गेल्यावर आपले दागिने सावत्र मुलीच्या अंगावर घालते. तवायफ चंद्रमुखी सगळं सोडून खेड्यात जाते. रंग आले ते पडद्यावर, आणि तेही उशिरा. कुंदनलाल सैगलांचा १९३६ चा आणि दिलीपकुमारांचा १९५५ चा 'देवदास' दोन्ही कृष्णधवल होते.

२००२ मध्ये संजय लीला भन्साळींनी रंगांचा पूर आणला. त्याचं कलादिग्दर्शन आपल्या कोकणातल्या नितीन चंद्रकांत देसाईंचं. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारोच्या, म्हणजे पार्वतीच्या, घराला रंगीत काचा आहेत, चंद्रमुखीच्या कोठ्यावर सोनं झळकतं. देसाईंचं काम डोळ्यांत साठवावं असंच आहे. पण त्या झळाळीत गोष्टीतली एक गाठ सुटून जाते. पारोचं घर देवदासच्या घराइतकंच दिपवणारं झालं, की मुखर्जींना ते हलकं का वाटावं हे डोळ्यांना पटत नाही, संवादांवर विसंबावं लागतं. रंग वर्ग दाखवतो तसा तो झाकूही शकतो.

त्याच सिनेमात रंगाचा एक फार नेमका वापरही आहे. दुर्गापूजेच्या गाण्यात पारो आणि चंद्रमुखी दोघी लाल काठाच्या पांढऱ्या साडीत नाचतात. कादंबरीत या दोघी कधी भेटत नाहीत. इथे एक जमीनदारीण आणि एक तवायफ एका रंगात येतात आणि क्षणभर त्यांच्यातलं अंतर पुसलं जातं. लगेचच एक माणूस भर सभेत चंद्रमुखीची ओळख उघड करतो. साडी एक असून भागत नाही, ती कोण नेसली आहे हे विचारणारं कुणीतरी समोर उभं असतं.

मग २००९ मध्ये अनुराग कश्यपचा 'देव.डी' आला. छायाचित्रण राजीव रवी यांचं. संगीतासाठी अमित त्रिवेदींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता देव पंजाबच्या श्रीमंत घरातला आहे. सुरुवातीचा पारोचा भाग शेतांच्या उघड्या उजेडात घडतो. देव पहाडगंजला येतो तसा सूर्य नाहीसा होतो आणि नळ्यांचे दिवे लागतात. इथली चंद्रमुखी म्हणजे चंदा. तिची खोली गुलाबी, लाल, निळ्या प्रकाशात बुडालेली असते. तिने हे नाव घेतलं आहे ते माधुरी दीक्षितची चंद्रमुखी पडद्यावर पाहून.

या प्रकाशाचं थोडं विज्ञान कामाला येईल. १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनचा दिवा लोकांना दाखवला. काचेच्या नळीत वायू भरून वीज सोडली की निऑन स्वतः केशरी-लाल उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ वापरतात. लाल आणि निळा हे जाहिरातीच्या नळीचे पहिले, सोपे रंग. बाजाराचे रंग. आता एलईडी आले तरी पाट्यांनी तीच सवय ठेवली आहे. म्हणून 'लाल म्हणजे वासना, निळा म्हणजे दुःख' असं लिहून थांबू नका. चंदाच्या खोलीतला उजेड गिऱ्हाइकासाठी लावलेला आहे. ती दिवसा शिकते आणि रात्री त्या उजेडात काम करते. देव मात्र तोच उजेड विकत घेतो आणि त्यात बुडून राहतो. त्याला तो नशेचा रंग दिसतो, चंदासाठी तो कामाच्या पाळीचा दिवा आहे.

या सिनेमात रंग उतरवणारा एक प्रसंगही आहे. लग्न झालेली पारो देवच्या लॉजमधल्या खोलीत येते. खोली आवरते, त्याचे मळके कपडे धुते, आणि त्याला नाकारून निघून जाते. दारू, दिवे, गाणी यांच्या गर्दीत ही धुलाई सगळ्यांत स्पष्टपणे वर्गाबद्दल बोलते. श्रीमंत मुलाच्या दुःखाचा पसारा आवरायला बाईच येते, पण या वेळी ती त्याला त्याची किंमत दाखवायला आलेली असते.

आणि 'गॅट्सबी'सारखी इथेही मोटार आहे. दारूच्या नशेत देवच्या गाडीखाली माणसं चिरडली जातात. दिल्लीत १९९९ मध्ये एका उंची परदेशी गाडीने सहा जणांचे बळी घेतले, त्यांत तीन पोलीस होते. त्या घटनेची आठवण प्रसंगात उघड आहे. लाँग आयलंडच्या रस्त्यावरची मर्टल आणि दिल्लीच्या रस्त्यावरची ती माणसं यांच्यात तीन पिढ्यांचं आणि एका महासागराचं अंतर आहे. गाडीत कोण आणि रस्त्यावर कोण, ही वाटणी बदललेली नाही.

प्रश्न : मराठीत असं काही आहे का? मला उत्तरात एक आपलं उदाहरण द्यायचं आहे.

दोन द्या. पहिलं ह. ना. आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती 'करमणूक' साप्ताहिकातून आली. यमूवर अखेरीस केशवपन लादलं जातं. त्या काळच्या वाचकाला आलवणाचा तांबडा रंग समजावून सांगावा लागत नव्हता, तो प्रत्येक वाड्याच्या मागच्या सोप्यात होता. हा लादलेल्या रंगाचा नमुना. इथे प्रश्न पैशाचाही आहे, कारण विधवेच्या अंगावरचा रंग जाताना तिचा दागिना, तिचा वाटा आणि पंगतीतली तिची जागाही जात होती.

दुसरं उदाहरण कादंबरीबाहेरचं आहे, पण गॅट्सबीच्या सुटाशेजारी ठेवण्यासारखं आहे. गावोगावच्या पुतळ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर निळ्या सुटात उभे असतात आणि आंबेडकरी चळवळीचा झेंडाही निळा आहे. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्यावरूनही मार खावा लागत होता, त्या समाजाने आपला रंग स्वतः निवडला आणि चौकात उभा केला. गॅट्सबीही न मिळालेल्या वर्गाचा पोशाख घालतो, पण एकट्यासाठी, आणि एका बाईच्या होकारासाठी. म्हणून टॉमच्या एका वाक्याने तो कोसळतो. जो रंग हजारो माणसांनी मिळून घेतलेला असतो, त्याला कुणा टॉमचं प्रमाणपत्र लागत नाही. निवडलेल्या रंगाचं हे बळ तुमच्या उत्तरात यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मग परीक्षेत नेमकं काय लिहू? तक्ता न लिहिल्यास गुण जातील का?

तक्ता ओलांडून लिहा, गुण जाणार नाहीत. एक रंग घ्या आणि तो कादंबरीत जिथे जिथे येतो तिथे त्याचा मालक, त्याचा बघणारा आणि त्याची निगा राखणारा शोधा. पांढरा घेतलात तर डेझीचा पोशाख, ईस्ट एगचे वाडे, विल्सनच्या अंगावरची राख आणि गॅट्सबीची शेवटची पायरी हे चार थांबे पुरेसे आहेत. पिवळा घेतलात तर मोटारीचे तीन साक्षीदार घ्या. प्रत्येक ठिकाणी मजकुरातला तपशील द्या, मगच अर्थ सांगा.

एक वस्तुस्थितीही वापरता येईल. कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. त्याआधी अगदी शेवटच्या टप्प्यावर फिट्झजेराल्डला नाव बदलून 'अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू' करायचं होतं, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याचे तीन रंग. तोवर उशीर झाल्याने ते राहून गेलं. यावरून एवढं नक्की कळतं की रंगांकडे तो एका माणसाच्या मनाची खूण म्हणून पाहत नव्हता. या झेंड्याखाली सगळे समान, असं सांगणाऱ्या देशात कोणाच्या वाट्याला पांढरा वाडा येतो आणि कोणाच्या वाट्याला राख, हे त्याला विचारायचं होतं.

तक्ता पाठ करण्यात खरा तोटा गुणांचा नाही. हिरवा म्हणजे आशा एवढं म्हटलं की गॅट्सबी आणि डेझी उरतात, आणि साली भरून नेणारा नोकर, राखेतला विल्सन, रस्त्यावरची मर्टल, निळीच्या शेतातलं कूळ, दिव्याखाली काम करणारी चंदा ही सगळी वाचनातून गळून पडतात. संपत्तीवरची कादंबरी वाचायची तर या माणसांची नोंद उत्तरात झालीच पाहिजे.